आधारनिर्देशाची कुळकथा

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमचा एक भाचा वैद्यकाचा पदवीधर असून एका रुग्णालयांत काम करतो. दोन वर्षें खपून त्यानें मधुमेही रोग्यांच्या पायांच्या जखमांविषयीं एक शोधनिबंध लिहिला आणि तो एका वैद्यकीय नियतकालिकाकडे धाडला. पंधरा दिवसांत निबंध परत आला. त्यांतील वैद्यकाविषयीं एक अक्षरहि लिहिलेलें नव्हतें. लिहिलें होतें तें इतकेंच कीं, शेवटीं जोडलेल्या त्रेचाळीस आधारांची मांडणी नियमाप्रमाणें नाहीं. ती नीट करून निबंध पुन्हां पाठवावा. भाचा संतापला होता. "मामा, दोन वर्षें रोगी तपासले त्याचें कांहींच नाहीं, आणि हे लोक स्वल्पविराम मोजीत बसले आहेत!" असें तो म्हणाला.

त्याचा संताप आम्हांस समजण्यासारखा होता. परंतु इतिहासाच्या अध्यापनांत ज्यांचा जन्म गेला त्यांना आधारनिर्देशाची चेष्टा करवत नाहीं. स्वल्पविरामाचा हा नियम कोणीं, केव्हां आणि कशासाठीं केला, हें पाहूं लागलों तेव्हां या रुक्ष दिसणाऱ्या विषयाच्या पोटीं एक मोठी रंजक आणि कांहीं ठिकाणीं भयंकर कथा असल्याचें आढळून आलें. तीच येथें सांगण्याचा विचार आहे.

आधार देण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. निराधार कांहीं लिहिणार नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. वैद्यकांतहि तसेंच. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहिली. तींत तो पूर्वाचार्यांचीं नांवें घेऊन त्यांचीं वचनें देतो. खारणादि हा त्यांपैकीं एक. या खारणादीचा ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. हेमाद्रि, अरुणदत्त यांसारख्या टीकाकारांनीं त्याचीं वचनें नांवानिशीं दिलीं म्हणूनच असा एक ग्रंथकार होऊन गेला हें आपणांस कळतें. उलटपक्षीं माधवनिदानांतील पुष्कळ श्लोक चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या ग्रंथांतून जसेच्या तसे घेतलेले आहेत. ती चोरी नव्हे. ज्यांच्यासाठीं ग्रंथ रचला त्या शिष्यांना मूळ संहिता मुखोद्गत असत. श्लोक कानीं पडतांच तो कोठला हें त्यांना उमगे. सारी विद्या कंठांत होती तोंवर स्थळ सांगण्याची गरज नव्हती. विद्या कागदावर उतरली आणि कागद वाढत गेला, तेव्हां ती गरज उत्पन्न झाली.

युरोपांत हा कागद छापखान्यानें वाढविला. छपाई सुरू होऊन शंभर वर्षें होतात न होतात तोंच झुरिक येथील कॉन्राड गेस्नर या वैद्यानें १५४५ मध्यें लॅटिन, ग्रीक व हिब्रू ग्रंथांची एक विश्वसूची छापली. ग्रंथ इतके झाले होते कीं, त्यांची नुसती यादी हाच एक ग्रंथ झाला. पुढें १६६५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचें 'फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स' निघूं लागलें आणि नियतकालिकांचें युग आलें. ग्रंथाचा कर्ता सांगितला कीं ग्रंथ सांपडतो. नियतकालिकांतील चार पृष्ठांचा लेख तसा सांपडत नाहीं. त्यासाठीं खंड सांगावा लागतो, वर्ष सांगावें लागतें, पृष्ठ सांगावें लागतें. हें सर्व कोणत्या क्रमानें व किती सांगावें याचा मात्र कोणताहि दंडक नव्हता. कोणी तळटीप देई, कोणी कंसांत अर्धें नांव लिही, कोणी नुसतें 'एका विद्वान् मित्रानें म्हटल्याप्रमाणें' एवढ्यावर भागवी. नियतकालिकाच्या नांवाचा संक्षेप तर ज्याला जसा सुचेल तसा होई.

या अरण्यांत पहिली खरी वाट पाडली ती जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकन शल्यवैद्यानें. १८३८ मध्यें जन्मलेला हा गृहस्थ सिनसिनाटीच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकत होता. १८६० मध्यें पदवीसाठीं त्याला प्रबंध लिहावयाचा होता. विषय होता अपस्मारावरील शस्त्रक्रिया. पूर्वीं अशा शस्त्रक्रिया किती झाल्या आणि त्यांतून किती रोगी वांचले, एवढा साधा प्रश्न. परंतु त्याचें उत्तर शोधण्यासाठीं त्याला गांवोगांवचीं ग्रंथालयें पालथीं घालावीं लागलीं, आणि तरीहि हवीं तीं पुस्तकें देशांत मिळेनात. वैद्यकाचें सर्व वाङ्मय एके ठिकाणीं असावें व त्याची सूची असावी, हा ध्यास त्याच्या मनानें तेव्हांपासून घेतला.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ मध्यें संपलें. बिलिंग्ज तेव्हां लष्करांत होता. त्याच्याकडे लष्करी वैद्यखात्याचें लहानसें ग्रंथालय सोंपविण्यांत आलें, आणि युद्धकाळांतील रुग्णालयांच्या निधीपैकीं उरलेले सुमारे ८०,००० डॉलर त्या ग्रंथालयाच्या कामीं आले. हें ग्रंथालय पुष्कळ वर्षें, १८८७ पर्यंत, ज्या इमारतींत होतें ती म्हणजे वॉशिंग्टन येथील फोर्डचें नाट्यगृह. अध्यक्ष लिंकन यांच्यावर १८६५ मध्यें जेथें गोळी झाडली गेली तीच ही जागा. तेथें बसून बिलिंग्जनें जगांतील वैद्यकीय नियतकालिकें मागविण्यास आरंभ केला. रोज संध्याकाळीं तीं घरीं न्यावीं, एकेक चाळून नोंद घेण्याजोग्या लेखांवर खूण करावी आणि सकाळीं कारकुनांनीं त्या खुणांवरून चिठ्ठ्या उतरून घ्याव्या, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. रॉबर्ट फ्लेचर हा इंग्लंडांत जन्मलेला वैद्य त्याचा उजवा हात झाला. जानेवारी १८७९ मध्यें या दोघांनीं 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची सुरू केली आणि १८८० मध्यें ग्रंथालयाच्या भव्य सूचीचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्या सूचीची सोळा खंडांची पहिली माला १८९५ मध्यें पुरी झाली.

सूची करणारास जी गोष्ट प्रथम लागते ती एकरूपता. एकाच नियतकालिकाचें नांव चार ठिकाणीं चार तऱ्हांनीं लिहिलें तर चिठ्ठ्यांची रांग लागत नाहीं. म्हणून प्रत्येक नियतकालिकास एक ठरीव संक्षिप्त नांव देणें भाग पडलें. आज वैद्यकीय निबंधांत आधारांच्या यादींत जे तोडके संक्षेप दिसतात व नवख्यास कोड्यासारखे वाटतात त्यांचें मूळ या सूचीच्या परंपरेंत आहे. पैशाच्या अभावीं १८९९ मध्यें 'इंडेक्स मेडिकस' बंद पडलें, १९०३ मध्यें कार्नेगी संस्थेच्या आश्रयानें पुन्हां निघालें आणि निरनिराळ्या रूपांनीं २००४ पर्यंत छापलें गेलें. बिलिंग्जचें तें लहानसें ग्रंथालय १९५६ मध्यें अमेरिकेचें राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झालें. त्याची 'पबमेड' ही सूची आज जगांतला कोणीहि डॉक्टर घरबसल्या फुकट पाहूं शकतो.

सूचीचा प्रश्न असा सुटत असतां लेखकाच्या पानावरचा प्रश्न निराळाच होता. चालू वाक्यांत आधार दाखवावा कसा? याला दोन उत्तरें निघालीं. हार्वर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यानें १८८१ मध्यें बागेंतील गोगलगाईच्या अंड्यांविषयीं एक दीर्घ निबंध लिहिला. त्यांत त्यानें वाक्यांतच कंस करून पूर्वसूरीचें नांव व वर्ष दिलें आणि तपशील शेवटच्या यादींत ठेवला. हीच पुढें 'हार्वर्ड पद्धति' म्हणून प्रसिद्ध झाली. दुसरी पद्धति अंकांची: वाक्याच्या शेवटीं नुसता एक अंक द्यावा आणि शेवटच्या यादींत त्या अंकापुढें आधार लिहावा. पहिल्या पद्धतींत कोण व केव्हां म्हणाला हें वाचतांनाच कळतें. दुसरींत वाक्य मोकळें राहतें आणि जागा वांचते. वैद्यकीय नियतकालिकांचा कल मुख्यतः दुसरीकडे गेला.

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणी म्हणेल कीं, ही सारी कारकुनी व्यवस्था झाली. यांत जिवाभावाचें काय आहे? त्यांनीं डॉ. ओ. उप्लाव्हिची यांचें चरित्र ऐकावें.

१८८७ मध्यें प्राग येथील यारोस्लाव्ह ह्लाव्हा या विकृतिशास्त्रज्ञानें आमांशावर एक महत्त्वाचा निबंध आपल्या मातृभाषेंत, म्हणजे चेक भाषेंत, प्रसिद्ध केला. आमांशाच्या रोग्यांच्या मळांत त्याला अमीबा आढळले होते, आणि मांजरांवर प्रयोग करून तो रोग त्यांच्यांत उत्पन्न करतां येतो असें त्यानें दाखविलें होतें. निबंधाचें शीर्षक होतें 'ओ उप्लाव्हिची'. चेक भाषेंत 'ओ' म्हणजे 'विषयीं' आणि 'उप्लाव्हिची' हें 'आमांश' या अर्थाच्या शब्दाचें विभक्तिरूप. म्हणजे सरळ अर्थ 'आमांशाविषयीं' एवढाच. याच रोगावर काम करणारा अलेक्झांड्रिया येथील ग्रीक डॉक्टर कार्टुलिस यानें एका जर्मन नियतकालिकांत या निबंधाचा सारांश दिला. आणि तो देतांना शीर्षकच कर्त्याचें नांव समजून त्यानें लिहिलें: लेखक, ओ. उप्लाव्हिची. आपल्याकडे 'आमांशाविषयीं' हा लेख पाहून कोणी त्याचे लेखक 'श्री. वि. आमांश' म्हणून नोंदवावे, तसलाच हा प्रकार.

झालें! त्या दिवसापासून डॉ. उप्लाव्हिची जन्मास आले. सारांशावरून दुसऱ्यानें लिहिलें, दुसऱ्यावरून तिसऱ्यानें. मांजरांवरील प्रयोगांचें श्रेय ग्रंथांतून या नव्या पंडितास मिळूं लागलें; ज्यानें तीं मांजरें पाळलीं आणि तपासलीं तो ह्लाव्हा १९२४ मध्यें वारला. मूळ चेक निबंध हातीं घेऊन पाहावा असें इतक्या वर्षांत फारच थोड्यांस वाटलें असलें पाहिजे. शेवटीं १९३८ मध्यें क्लिफर्ड डोबेल या इंग्रज शास्त्रज्ञानें 'पॅरासिटॉलॉजी' या नियतकालिकांत एक छोटासा लेख लिहून हें बिंग फोडलें. लेखाच्या मथळ्यांत डॉ. ओ. उप्लाव्हिची यांचें नांव आणि पुढें १८८७–१९३८ असे जन्म-मृत्यूचे आंकडे होते. जणूं काय तो मृत्युलेखच! एक्कावन वर्षें जगलेला हा डॉक्टर कधींच अस्तित्वांत नव्हता. हेमाद्रीच्या टीकेनें एका लुप्त ग्रंथकाराचें नांव राखलें आणि येथें एका चुकीच्या नोंदीनें जित्याजागत्या संशोधकाचें नांव झांकून टाकलें. निर्देशांत केवढें सामर्थ्य आहे, याला याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नियतकालिकांची संख्या अफाट वाढली आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. एका संपादकानें निबंध नाकारला कीं दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वीं सारी यादी पुन्हां टंकावी लागे. हा जाच मुख्यतः ज्यांचें नांव निबंधावर कधींच येत नाहीं त्या टंकलेखिकांच्या वांट्यास येई. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें डॉक्टरांचे निबंध टंकणाऱ्या एका बाईंनीं तर मोठमोठ्या नियतकालिकांच्या संपादकांस पत्रें लिहून, आपण सर्वांनीं मिळून एकच पद्धति कां ठरवीत नाहीं, असा सरळ सवाल केला. पुढें जानेवारी १९७८ मध्यें प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक लहानशी मंडळी कॅनडांतील व्हँकुव्हर येथें जमली. त्यांनीं ठरविलेले एकसारखे नियम १९७९ मध्यें प्रसिद्ध झाले. आधारांचे नमुने राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पद्धतीवरून घेतले होते. हीच 'व्हँकुव्हर पद्धति'. पुढें त्या मंडळीची आंतरराष्ट्रीय समिति झाली आणि तिचे नियम पांचशेंहून अधिक नियतकालिकांनीं स्वीकारले.

या पद्धतींत आधार कसा लिहितात तें थोडक्यांत सांगतों. आधीं लेखकाचें आडनांव, मग नांवाचीं आद्याक्षरें, त्यांमध्यें टिंब नाहीं. मग निबंधाचें पूर्ण शीर्षक. मग नियतकालिकाचें ठरीव संक्षिप्त नांव. मग वर्ष, त्यापुढें अर्धविराम, खंडाचा क्रमांक, अपूर्णविराम आणि पृष्ठें. यांतील प्रत्येक चिन्ह म्हणजे एक कुंपण आहे. वर्ष कोठें संपलें, खंड कोठें सुरू झाला, हें परभाषिक वाचकासहि त्यावरून कळतें. लेखक किती द्यावे याचाहि वाद झाला. प्रथम नियम असा होता कीं, सहापर्यंत असल्यास सर्व द्यावे, सात किंवा अधिक असल्यास पहिले तीनच देऊन 'व इतर' म्हणावें. पुढें तो बदलून सहा नांवें देण्याची मुभा झाली. चौथ्या, पांचव्या, सहाव्या स्थानीं असलेल्या तरुण संशोधकांस या बदलाचें मोल विचारावें!

आपल्याकडील नांवांची मात्र या सांच्यांत थोडी ओढाताण होते. जोशी, पाटील, कुलकर्णी हीं आडनांवें आपल्यांत इतकीं विपुल आहेत कीं, रोमन लिपींत एकाच आद्याक्षराखालीं सुरेश, शरद, सुधा आणि शैला असे चौघे एकत्र नांदूं लागतात. स्वतःच्या नांवापुढें वडिलांचें अथवा पतीचें नांव लिहिण्याची आपली रीत येथें उपयोगी पडते, कारण दुसरें आद्याक्षर जोशांना जोशांपासून वेगळें करतें. तामिळ गृहस्थांस पुष्कळदां आडनांवच नसतें. त्यांच्या नांवापैकीं कोणता भाग आधीं लिहावा येथपासूनच घोटाळा होतो.

इतकी शिस्त आली. पण तिनें सत्य आलें काय? १९८५ मध्यें 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें एक तपासणी प्रसिद्ध झाली. सहा वैद्यकीय नियतकालिकांतील आधार मुळाशीं ताडून पाहिले तेव्हां शेंकडा २४ आधारांच्या नोंदींत चूक सांपडली. ही गोष्ट वाईट खरी. परंतु दुसरी अधिक वाईट होती. शेंकडा १५ ठिकाणीं मूळ लेखकाचें म्हणणेंच विपरीत सांगितलेलें होतें. स्वल्पविराम चुकला तर वाचकाची वाट चुकते, अर्थ चुकला तर रोग्याचा जीव धोक्यांत येतो.

ही अतिशयोक्ति नव्हे. १० जानेवारी १९८० च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्यें पांच वाक्यांचें एक पत्र छापलें होतें. रुग्णालयांत असतांना अफूच्या जातीचें औषध निदान एकदां तरी मिळालेल्या ११,८८२ रोग्यांची नोंद त्यांत होती. ज्यांना पूर्वीं व्यसन नव्हतें अशांपैकीं केवळ चौघांस व्यसन जडल्याची नोंद सांपडली, एवढेंच त्यांत म्हटलें होतें. रुग्णालयाच्या देखरेखीखालीं दिलेल्या औषधाविषयींचें हें पत्र. पुढें जुनाट दुखण्यांसाठीं महिनोन् महिने घरीं घ्यावयाच्या गोळ्यांचा पुरस्कार होऊं लागला तेव्हां त्यांच्या निर्धोकपणाचा आधार म्हणून याच पत्राकडे बोट दाखविण्यांत आलें. २०१७ मध्यें कॅनडांतील संशोधकांनीं या पत्राचे ६०८ निर्देश शोधून काढले. त्यांपैकीं शेंकडा ७२ ठिकाणीं तें व्यसन क्वचितच जडतें याचा पुरावा म्हणून दिलें होतें. आणि शेंकडा ८० हून अधिक लेखकांनीं, ते रोगी रुग्णालयांतले होते, हें सांगितलेंच नव्हतें. अमेरिकेंत या औषधांच्या व्यसनानें जो हाहाकार झाला त्याचीं कारणें अनेक आहेत. एका पत्रावर सारें खापर फोडणें अन्यायाचें होईल. पण या ६०८ निर्देशांपैकीं पुष्कळांत वर्ष, खंड व पृष्ठ हीं बिनचूक होतीं हें ध्यानांत घेतलें म्हणजे, निर्दोष यादी पाहून निश्चिंत होणाऱ्या वाचकास भीति वाटल्यावांचून राहणार नाहीं.

अलीकडे या कथेंत एक नवें पात्र आलें आहे. मनुष्याप्रमाणें गद्य लिहिणारीं यंत्रें आतां वैद्यकीय निबंधहि लिहून देतात, आणि मागितल्यास आधारांची यादीहि देतात. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत अशा यंत्रानें दिलेले ११५ आधार ताडून पाहिले. शेंकडा ४७ निव्वळ काल्पनिक निघाले, शेंकडा ४६ खऱ्या निबंधांचे पण तपशिलांत चुकलेले आणि शेंकडा ७ मात्र सर्वस्वीं बरोबर. यंत्रें दिवसेंदिवस सुधारत आहेत व हे आंकडेहि बदलतील. परंतु ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, काल्पनिक आधारांची मांडणीहि खऱ्यासारखीच असते. आडनांव, आद्याक्षरें, वर्ष, खंड, पृष्ठें, सारें जागच्या जागीं. उप्लाव्हिची घडविण्यास एका थकलेल्या डॉक्टराची चूक लागली. हीं यंत्रें एका बैठकींत डझनावारी उप्लाव्हिची जन्मास घालतात.

मग त्या स्वल्पविरामांचें काय? आमच्या मतें आधारनिर्देशाची शिस्त म्हणजे वाचकास दिलेलें एक वचन आहे: 'मी हें येथें वाचलें, माझ्यावर विश्वास नसेल तर तूं स्वतः जाऊन पाहा, ही घे वाट.' वाट नीट दाखविणें हें त्या वचनाचें अर्धें अंग. बिलिंग्जनें रोज संध्याकाळीं दिव्यापुढें बसून जें केलें तें याच अर्ध्या अंगासाठीं, आणि तें तुच्छ लेखणें कृतघ्नपणा होईल. दुसरें अर्धें अंग म्हणजे आपण स्वतः त्या वाटेनें जाऊन आलों असणें. तें कोणत्याहि समितीच्या नियमांत बसवितां येत नाहीं.

हें सर्व भाच्यास सांगून झाल्यावर आम्हीं त्याला एवढेंच विचारलें कीं, त्या त्रेचाळीस आधारांपैकीं मूळांतून तूं किती वाचले आहेस? तो जरा वेळ गप्प राहिला. मग यादीवर बोट फिरवीत त्यानें मोजले. बत्तीस पूर्ण वाचले होते. सातांचे केवळ सारांश पाहिले होते. आणि चार दुसऱ्याच्या यादींतून उचलले होते. पुढील पंधरा दिवस त्यानें ते अकरा निबंध मिळवून वाचण्यांत घालविले. तीन आधार गळाले. एका ठिकाणीं मात्र मूळ निबंध त्याच्या वाक्याच्या बरोबर उलट बोलत होता; जखमेच्या ज्या उपचाराचा त्यानें निःशंकपणें पुरस्कार केला होता त्याविषयीं त्या निबंधाच्या लेखकांनीं सावधगिरीचा इशारा दिला होता. तें वाक्य त्यानें बदललें आणि मगच स्वल्पविराम नीट करावयास बसला.